शोकांतिका आणि प्रेक्षकाचे पूर्वज्ञान

पदव्युत्तर वर्गात राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' शिकविण्यास आरंभ केला, त्या पहिल्याच तासाला एका विद्यार्थिनीने विनंती केली की, नाटकाचा शेवट कृपा करून आधी सांगू नये. तिने ते वाचलेले नव्हते. आणि त्याच आठवड्यात येथील स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात एका हौशी मंडळीचा प्रयोग होणार असल्याने तो तिला कोऱ्या मनाने पाहावयाचा होता. विनंती रास्त होती. अडचण एवढीच की, अभ्यासपत्रिकेत त्या घटकाचे नाव 'मराठी शोकांतिका' असे छापलेले होते. शेवट सांगावयाचा की नाही हे ठरविण्याचा अधिकार माझ्याकडे उरलाच नव्हता. तो अभ्यासक्रमाने आधीच सांगून टाकला होता. हे लक्षात येताच तिने विचारले, "मग आता पाहण्यासारखे काय राहिले?"

प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्राचे आहे, रसमीमांसेचे नव्हे. परंतु हा प्रश्न एका शब्दातून उद्भवला असल्यामुळे त्याचा विचार शब्दापासून आरंभिण्यास हरकत नसावी.

'शोक' आणि 'अंत' या दोन पदांच्या समासाला 'नाटिका', 'एकांकिका' यांच्या धर्तीवरचा अंत्यावयव लागून 'शोकांतिका' हा शब्द सिद्ध झाला आहे. त्याच्याबरोबरीने 'शोकपर्यवसायी' व 'दुःखपर्यवसायी' नाटक असेही शब्दप्रयोग आपल्या टीकाग्रंथांत आढळतात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. नाटकाची जात सांगताना ते नाटकाच्या शेवटाकडे बोट दाखवितात. ज्या ग्रीक शब्दाच्या जागी हे शब्द आपण योजले, त्याची व्युत्पत्ती 'बोकड' व 'गीत' या अर्थांच्या पदांशी जोडण्यात येते. शेवट कसा असावा याविषयी तो शब्द मूक आहे. ॲरिस्टॉटलने तर आपल्या काव्यशास्त्राच्या चौदाव्या प्रकरणात, बहीण भावाचा बळी देण्याच्या बेतात असता ऐनवेळी त्याला ओळखते आणि अनर्थ टळतो, अशा इफिजिनियाच्या कथेचा उत्तम रचनेचा मासला म्हणून निर्देश केला आहे. मराठी शब्दाच्या व्याख्येत ती कथा बसणार नाही. आपण त्या नाट्यप्रकाराला नाव दिले तेव्हा त्याच्या शेवटाची कल्पना नावातच गोवली आणि मराठी वाचकाला एक पूर्वज्ञान देऊन ठेवले. ग्रीक प्रेक्षकाला असे पूर्वज्ञान त्या शब्दापासून तरी मिळत नव्हते.

(हा शब्द पुढे व्यवहारात इतका झिजला की, रस्त्यावरचे खड्डे न बुजणे हीदेखील आज वृत्तपत्रांत 'शोकांतिका' ठरते. तिथे शोक नसतो आणि अंतही नसतो. तो प्रांत येथे सोडून देऊ.)

नाटक दुःखद आहे हे आधी ठाऊक असणे ही वस्तुतः एकच स्थिती नाही. हरिश्चंद्राचे आख्यान ऐकावयास बसलेल्या श्रोत्याला सबंध कथा ठाऊक असते. अभ्यासपत्रिका वाचलेल्या विद्यार्थिनीला कथा ठाऊक नसते, केवळ तिची जात ठाऊक असते. आणि काही कृती अशा असतात की, त्या स्वतःच आरंभी आपला शेवट सांगून टाकतात. या तिन्ही प्रकारच्या ज्ञानांची गल्लत केल्यामुळे या विषयावरील चर्चा पुष्कळदा भरकटते असे मला वाटते.

पहिल्या प्रकारच्या ज्ञानाविषयी आपल्या परंपरेला कधी अडचण वाटलेली नाही. किंबहुना नाट्यशास्त्राने 'नाटक' या श्रेष्ठ रूपकप्रकाराचे कथानक प्रख्यात असावे असा दंडकच घातला. कविकल्पित कथानकाची मुभा 'प्रकरणा'ला दिली. सर्वांत वरच्या पायरीवरच्या नाट्यकृतीत प्रेक्षकाला कथा ठाऊक असणे हे गृहीत आहे, असा याचा अर्थ होतो. दशावतारात आख्यान कोणते हे जाहीर झाल्यावर पुढे काय होणार याची चिंता कोणीच करीत नाही. संवाद लिहिलेले नसतात, ते नट रंगभूमीवर उभ्या उभ्या रचतो, आणि प्रेक्षकांचे कान त्याकडे लागलेले असतात. ॲरिस्टॉटलनेही नवव्या प्रकरणात जाता जाता एक मार्मिक शेरा मारला आहे: परिचित कथा म्हणून ज्या समजल्या जातात त्याही वस्तुतः थोड्यांनाच परिचित असतात, तरी आनंद सर्वांनाच होतो. ज्ञाता आणि अज्ञ एकाच नाट्यगृहात शेजारी बसतात व दोघेही संतुष्ट होऊन परततात. हा आनंद अज्ञानावर अवलंबून असता तर ज्ञात्याला तो झाला नसता, आणि ज्ञानावर अवलंबून असता तर अज्ञाला झाला नसता.

मराठी रंगभूमीचा इतिहासही याला अनुकूल साक्ष देतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. ते आणि त्यानंतरचे सर्व पौराणिक खेळ परिचित कथांचेच होते. परंतु आपली पहिली स्वतंत्र शोकांतिका म्हणून जिचा उल्लेख केला जातो ते विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) हे नाटक पाहा. माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे कोणा प्रेक्षकाला ठाऊक नव्हते? घटना घडून शतकही उलटले नव्हते. पेशवाई पाहिलेली माणसे अद्याप हयात होती. मराठी माणूस शोकांत नाटक पाहावयास प्रथम गेला तो शेवट पुरता जाणून गेला. पुढे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी आपल्या नाटकाला 'सवाई माधवरावांचा मृत्यू' हेच नाव दिले. नायकाचा मृत्यू शीर्षकात घालून नाटककार प्रेक्षकाला नाट्यगृहात बोलावतो आणि प्रेक्षक येतो. खाडिलकरांच्या मनात, शेवट झाकून ठेवल्याने काही साधेल अशी कल्पना असती, तर त्यांनी हे नाव निश्चितच ठेवले नसते.

गडकऱ्यांचे शीर्षक याच्या नेमके उलट दिसते, आणि भाषेच्या अभ्यासकाला ते अधिक मोहक वाटते. 'एकच प्याला' यात शेवटाची वार्ता आहे की नाही? 'च' हे आपले शुद्ध अव्यय संख्यावाचकाला जोडले म्हणजे त्याचा पहिला अर्थ मर्यादेचा होतो: एकाहून अधिक नाही. एकच घास, एकच घोट. ही आग्रहाची व सबबीची भाषा आहे, आणि वकिलीची सनद तात्पुरती गमावून बसलेल्या सुधाकरापुढे तळीराम पहिला प्याला करतो तेव्हा तिचा हाच उपयोग होतो. दुसरा अर्थ निश्चयाचा आहे: दुसऱ्या कशाची गरज नाही, हा एक पुरेसा. आणि मराठीत या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे, जो कोशात शोधण्यापूर्वी कानाने ओळखावा लागतो. 'एकच हशा पिकला', 'एकच गोंधळ उडाला', 'एकच आकांत झाला' यांत 'एकच' म्हणजे सर्व व्यापून टाकणारा, मोजमाप न राहिलेला. प्रथम प्रयोग पाहणारा प्रेक्षक नाट्यगृहात शिरताना पहिला अर्थ घेऊन शिरतो. सिंधूचे प्रेत आणि सुधाकराचा अंत पाहून बाहेर पडताना त्याच्यापाशी दुसरा व तिसरा अर्थ असतो. आणि जो पूर्वीच पाहून आला आहे, त्याला पहिल्या अंकात तळीरामाच्या तोंडची ती गोडीगुलाबीची भाषा ऐकताना तिन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. शब्द तोच, उच्चार तोच; परंतु त्यात जेवढे ऐकू यावे तेवढे फक्त जाणत्याला येते. शेवट ठाऊक असल्याने येथे काही कमी झाले असे म्हणता येणार नाही.

या नाटकाच्या बाबतीत आणखी एक योग असा की, गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले आणि गंधर्व नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास केला. नाटककार गेल्याचे दुःख घेऊनच पहिला प्रेक्षक आत आला होता. त्यानंतर बालगंधर्वांची सिंधू पाहावयास लोक पुनःपुन्हा गेले. ठिगळे लावलेल्या लुगड्यातली ती सिंधू दुसऱ्या अंकातही डोळ्यांपुढे येते असे सांगणारी माणसे मागच्या पिढीत सर्वत्र भेटत असत.

आता शास्त्राकडे वळू. करुणरसापासून आनंद कसा होतो, हा आपल्या रसचर्चेतील जुना वाद. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त त्यावर जो युक्तिवाद केला त्याचा आशय असा: करुण जर दुःखदायक असता तर कोणीही त्याच्याकडे प्रवृत्त झाला नसता, रामायणासारखी काव्ये दुःखाचे कारण ठरली असती. हा युक्तिवाद सामान्यतः करुणाच्या आनंदरूपतेचे प्रमाण म्हणून उद्धृत केला जातो. परंतु तो कोणत्या गृहीतावर उभा आहे हे पाहण्याजोगे आहे. 'प्रवृत्त होणे' ही क्रिया ज्ञानपूर्वक आहे. काव्य करुण आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो त्याच्याकडे वळला तर त्यावरून करुणाविषयी काहीच सिद्ध होत नाही. तो फसून आला असेल. विश्वनाथाच्या म्हणण्यात बळ येते ते सहृदय जाणूनबुजून करुणाकडे येतो म्हणून. रामायण त्याने उदाहरणाला घेतले ते याच कारणाने, कारण ते कोणाला अज्ञात नव्हते. पूर्वज्ञान हा त्याच्या प्रमाणाचा अव्यक्त हेतू आहे.

त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, रामचंद्र व गुणचंद्र या जैन आचार्यांनी 'नाट्यदर्पणा'त अगदी निराळी भूमिका घेतली होती. त्यांच्या मते काही रस सुखात्मक, काही दुःखात्मक. करुण हा दुःखात्मकच. तरी लोक तो पाहतात, याचे कारण कवीचे व नटाचे कौशल्य. पानकाला तिखटाने चव यावी तसे ते दुःख त्यांना आस्वाद्य होते. या मतातही प्रेक्षक जाणता आहे; तिखट घातलेले ठाऊक असूनच तो पेला उचलतो. मराठीत हा वाद के. ना. वाटवे यांच्या 'रसविमर्शा'त विस्ताराने आला आहे, आणि न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मांडलेली सविकल्प समाधीची कल्पना त्याच्या जवळची आहे. आपण पात्राशी एकरूप होतो, पण आपण आपणच आहोत हा विकल्प सुटत नाही, असे केळकरांना म्हणावयाचे होते. माझ्या मते शेवट ठाऊक असणे हे त्या विकल्पाचे सर्वांत बळकट रूप आहे. सिंधूचे सुख पाहताना मी सिंधूच्या सुखात असतो, आणि त्याच वेळी तिला जे ठाऊक नाही ते मला ठाऊक असते.

ही जी पात्राच्या व प्रेक्षकाच्या ज्ञानातील तफावत, तिच्यातच करुणाचे मर्म असावे. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांतील भेद सांगताना करुण निरपेक्ष व विप्रलंभ सापेक्ष म्हटला: एकात पुनर्भेटीची आशा नाही, दुसऱ्यात आहे. परंतु ही आशा कोणाची? पात्राची. प्रेक्षकाला काय ठाऊक आहे याचा त्या भेदात विचार नाही. भवभूतीचा 'उत्तररामचरिता'तील तिसरा अंक आठवावा. रामाला वाटते सीता गेली. प्रेक्षकाला ती जिवंत असल्याचे ठाऊक असते; इतकेच नव्हे, ती त्याच्या समोर, तमसेबरोबर, रंगभूमीवरच उभी असते. भागीरथीच्या प्रसादाने ती रामाला दिसत नाही, एवढेच. नाटकाचा शेवट गोड होणार हे माहीत असलेला प्रेक्षक हाच अंक पाहताना सर्वाधिक रडतो. दुःखाच्या वार्तेने करुण नासत नाही, आणि सुखाच्या वार्तेनेही तो नासत नाही. रामाला जे दिसत नाही ते मला दिसते, एवढ्यावर तो उभा राहतो. ही तफावत पुरविण्याचे काम पूर्वज्ञान करते. पाश्चात्त्यांत लेसिंगने अठराव्या शतकात हेच ओळखले. युरिपिडीस आपल्या नाटकांच्या आरंभीच घडणाऱ्या गोष्टी सांगून टाकतो, या आक्षेपाचे त्याने 'हाम्बुर्गिशे ड्रामाटुर्गी'त खंडन केले आहे. अकस्मात धक्क्याने क्षणभराची कळ येते, दूरवरून दिसणाऱ्या संकटाने मात्र दीर्घकाळ जीव टांगणीला लागतो, असा त्याचा साधारण आशय. शेक्सपिअरही 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या सुरुवातीच्या सुनीतातच दोघांचा मृत्यू जाहीर करतो.

येथवर सर्व सिद्धांताला अनुकूल चालले आहे. परंतु माझ्या आजीची एक गोष्ट या मांडणीत सहजी बसत नाही, म्हणून ती सांगणे भाग आहे. आमच्या गावच्या देवळात उत्सवात कीर्तन होई, आणि उत्तररंगात हरिश्चंद्राचे आख्यान लागले की, तारामती रोहिदासाचे शव घेऊन स्मशानात येते व पतीच तिच्याकडे दहनाचा कर मागतो, त्या ठिकाणी सबंध मंडप रडत असे. आजी त्यात पुढे बसणारी. रोहिदास शेवटी उठून बसतो हे तिला शंभरदा ऐकून पाठ होते, तरी ती प्रत्येक वेळी रडे. नंतर तिचा एक मुलगा, माझा धाकटा काका, विंचूदंशाने गेला. पुढच्या उत्सवाला बायका तिला बोलवावयास आल्या तेव्हा ती म्हणाली, "रोहिदास उठतो हे ठाऊक आहे मला. म्हणूनच येत नाही." त्यानंतर ते आख्यान तिने पुन्हा ऐकले नाही. रामवनवासाच्या कीर्तनाला मात्र ती जात असे.

येथे पूर्वज्ञानाने आस्वाद संपविला, आणि तोही सुखान्ताच्या पूर्वज्ञानाने. रसशास्त्राच्या भाषेत म्हणता येईल की, तिच्या बाबतीत साधारणीकरण घडणे अशक्य झाले. रोहिदास हा 'कोणाचा तरी मुलगा' राहिला नाही. हे उत्तर बरोबर आहे, पण पुरे नाही. आख्यान अनोळखी असते तर ती कदाचित बसली असती आणि मधूनच उठून गेली असती. ते ठाऊक असल्यामुळे तिला घरीच थांबता आले. पूर्वज्ञानाचा हा उपयोग, म्हणजे न जाण्याचे स्वातंत्र्य, विश्वनाथाच्या युक्तिवादाची दुसरी बाजू आहे. जो जाणून येऊ शकतो तोच जाणून दूर राहू शकतो.

तिसऱ्या प्रकाराचे, म्हणजे आपला शेवट आपणच सांगणाऱ्या कृतीचे, उत्तम उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. दापोली तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे गाव. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहून काढली. पुस्तक रात्रींत विभागले आहे: आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. आई आज नाही हे या योजनेतच आलेले आहे. श्याम तिच्याविषयी बोलतो तो भूतकाळात. आणि मराठीत आईविषयी बोलताना 'आहे' जाऊन 'होती' आले की, ऐकणाऱ्याला आणखी काही सांगावे लागत नाही. वाचकाला शेवट पहिल्या रात्रीच कळतो, आणि पुढची चाळीस-एकेचाळीस रात्री तो त्याच्याकडे चालत राहतो. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट केला. वनमाला यांची आई आणि माधव वझे यांचा श्याम. राष्ट्रीय पारितोषिकांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तो पाहावयास गेलेल्यांपैकी बहुतेकांनी पुस्तक वाचलेले होते. न वाचलेल्यांना कोणीतरी वाचून दाखविले होते. आणि साने गुरुजी १९५० मध्ये गेले होते हेही सर्वांना ठाऊक होते. घरून निघतानाच पदर डोळ्यांना लावण्याची तयारी ठेवून बायका निघत, असे जुन्या माणसांकडून मी ऐकले आहे. २०२३ मध्ये त्याच कथेवर पुन्हा चित्रपट निघाला, तेव्हा ती तयारी नातवंडांपर्यंत पोचली असल्याचे दिसले.

मग विद्यार्थिनीची तक्रार निराधार होती काय? मला तसे वाटत नाही. प्रयोग मी तिच्यापासून दोन रांगा मागे बसून पाहिला. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते, ज्यांना नाटक बहुधा पाठच असावे. पद सुरू होण्याआधी त्यांचा हात मांडीवर ठेका धरण्यास उचलला जाई. आर्य मदिरा मंडळाच्या प्रवेशाला ते पोट धरून हसले. विद्यार्थिनी हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच कारण सांगितले: "शोकांतिका आहे हे ठाऊक होते, पण कोण मरणार हे ठाऊक नव्हते. त्यामुळे मी प्रत्येकाकडे हा मरेल की काय म्हणूनच पाहत होते." तिचे हे निरीक्षण मला या विषयातील कोणत्याही ग्रंथापेक्षा मोलाचे वाटले. वृद्ध गृहस्थांना सर्व ठाऊक होते, म्हणून त्यांना तळीरामाबरोबर निश्चिंतपणे हसता आले. शोक कुठे उभा आहे हे माहीत असल्याने तो वाटेत भेटण्याचे भय त्यांना नव्हते. विद्यार्थिनीला फक्त जात ठाऊक होती. तिला पात्राहून अधिक काही ठाऊक नव्हते, केवळ धास्ती होती. वर म्हटलेली तफावत निर्माण होण्यास लागणारा तपशील तिच्यापाशी नव्हता. कथेचे ज्ञान प्रेक्षकाला पात्राच्या वर उभे करते. जातीचे ज्ञान त्याला नुसतेच सावध करते, आणि सावध माणूस हसत नाही.

अलीकडील प्रायोगिक मानसशास्त्राचे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात, याचे एक कारण हा भेद पुरेसा न केला जाणे हे असावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील लेव्हिट आणि क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ मध्ये ८०० हून अधिक विद्यार्थ्यांना १२ लघुकथा वाचावयास दिल्या. ज्यांना कथेचा शेवट आधी एका परिच्छेदात सांगितला होता त्यांना त्या अधिक आवडल्या, असे त्यांना आढळले. २०१५ मध्ये जॉन्सन व रोझेनबाउम यांनी केलेल्या प्रयोगात मात्र शेवट फोडलेल्या कथा कमी रंजक ठरल्या. यांत सांगितला जातो तो कथेचा शेवट. नुसती 'पुढील मजकूर क्लेशकारक आहे' अशी सूचना दिल्यास काय होते, यावरील अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की, अशा सूचनेने प्रत्यक्ष मजकूर पाहतानाचा क्लेश कमी होत नाही; तो पाहण्यापूर्वीची धाकधूक तेवढी वाढते. हे विद्यार्थिनीच्या अनुभवाशी जुळते. तथापि माझ्या आजीसारख्यांसाठी ती सूचना व्यर्थ आहे असे यावरून ठरत नाही. प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला उठून घरी जाण्याची मुभा क्वचितच वापरावीशी वाटते. शेवट ठाऊक असूनही उत्कंठा टिकते, या गोष्टीचा वेगळा अभ्यास गेरिग यांनी १९८९ मध्ये केला होता. कीर्तनाच्या मंडपात बसलेल्यांना तो वाचण्याची गरज पडली नसती, परंतु नाट्यविभागाच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा.

तेव्हा अध्यापकाने वर्गात काय करावे? मी माझ्यापुरता असा निर्णय केला की, शोकांतिका शिकवावयाची तर संपूर्ण कथा पहिल्याच तासाला सांगावी, किंवा मुळीच सांगू नये; 'हे नाटक दुःखद आहे' एवढे अर्धे सांगून थांबू नये. अभ्यासपत्रिकेतील घटकाचे नाव बदलून केवळ नाटकाचे नाव घालावे असेही मी सुचविले आहे. परीक्षेच्या सोयीसाठी नाट्यप्रकाराचे नाव हवेच, असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले, आणि ते चूक आहे असे मला सिद्ध करता आलेले नाही.

विद्यार्थिनीने नाटक नंतर वाचले आणि पुढच्या प्रयोगाला ती पुन्हा गेली. यावेळी तळीरामाला ती हसली. माझे सर्व विवेचन तिला मान्य झाले, पण तिने एक आक्षेप ठेवला. ती म्हणाली की, सर्व जाणून पाहण्याचा आनंद तिला आता हव्या तितक्या वेळा घेता येईल. काहीच न जाणता पाहण्याची संधी मात्र एकदाच होती, आणि ती एका छापील शब्दाने गेली. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. 'एकच प्याला'ची पदे मी घरात पाळण्यापासून ऐकत आलो. सिंधू मरते हे कोणी सांगितले ते मला आठवत नाही. ती जगेल की काय, या शंकेने ते नाटक पाहण्याचा अनुभव मला कधी मिळाला नाही, आणि तो कसा असतो हे मी तिलाच विचारावे लागले. तिने सांगितले की, तिलाही तो पुरता मिळाला नाही. पहिल्या अंकापुरता, सुधाकर हातातला प्याला ओठांना लावण्याआधी क्षणभर थांबला तेव्हा, तो ते खाली ठेवील असे तिला खरोखर वाटले होते.